लाइट, डार्क आणि हायलायटर

आमच्या लहानपणी न्हाणीघराला रंग नव्हता, ओल होती. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि वर चुना. चुना पांढरा म्हणायचा, कारण दिवाळीत तो पांढरा लावलेला सगळ्यांनी पाहिलेला असे. संक्रांतीपर्यंत बंबाच्या धुराने त्याचा जो काही रंग व्हायचा, त्याला नाव द्यायची कुणाला गरज वाटली नाही. आंघोळ पाच मिनिटांची. डोळ्यांत साबण गेलेल्या माणसाला भिंत कोणत्या रंगाची आहे याच्याशी काय देणंघेणं?

तेव्हा निवृत्तीनंतर कोपरगावातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, चार फूट बाय सात फुटांच्या बाथरूमसाठी रंग या विषयावर घरात दोन पक्ष पडतील, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. निमित्त झालं खालच्या मजल्यावरच्या भाऊंच्या छताला धरलेल्या ओलीचं. आमचा नहाणी ट्रॅप गळत होता. फरशी फोडायची, कोबा नवा करायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, इतकंच ठरलं होतं. मग सौ. म्हणाली, "फोडतोच आहोत, तर कलर जरा चांगला घेऊ." महाराष्ट्रातली टाइल्सची निम्मी दुकानं या एका वाक्यावर चालत असावीत.

शुक्राचार्यांच्या या गावात लग्नाला मुहूर्त लागत नाही, अशी श्रद्धा आहे. बेट नावाच्या भागातल्या त्यांच्या मंदिरात पंचांग न उघडता लग्नं लागतात. बाथरूम फोडायला मात्र मुहूर्त लागतो आणि तो नळाचा असतो. गोदावरी गावाला खेटून वाहते, पण नळाचं पाणी वळसा घालून येतं. ते दारणा-गंगापूरच्या धरणांतून सुटतं, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून डाव्या कालव्याला लागतं, येसगावच्या साठवण तलावांत मुक्काम करतं आणि तिथून त्याच्या सवडीने आमच्याकडे येतं. पाळी रोजची नाही. कधी चार दिवसांनी, कधी आठ, उन्हाळ्यात आवर्तन लांबलं की त्याच्याही पुढे. त्यामुळे मिस्त्रीने आल्या आल्या बजेट विचारलं नाही. त्याने विचारलं, "नळ कधीये तुमचा?"

आता माझा पक्ष सांगतो. मी उभा जन्म साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढला. पांढरा रंग हा माझ्या पोटापाण्याचा विषय. साखरेच्या पोत्यावर एस-३०, एम-३० असं लिहिलेलं असतं. त्यातलं अक्षर दाण्याच्या आकाराचं आणि आकडा रंगाचा. शिवाय इक्युम्सा नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात साखरेचा रंग यंत्राने मोजतात. आकडा जितका खाली, तितकी साखर पांढरी. असा आकडा खाली आणण्यात ज्याची उमेद गेली, त्याने बाथरूमसाठी कोणता रंग सुचवावा? मी म्हणालो, पांढरा. त्यावर सौ. म्हणाली, "तुम्हाला दुसरा रंग बघायचा पगारच कधी मिळाला नाही, त्याला मी काय करू?"

तिचं माहेर येवल्याचं. येवला इथून तासाभराच्या आत, पण रंगांच्या बाबतीत तो वेगळा देश आहे. पैठणीच्या गावात वाढलेल्या बाईला निळ्यात मोरपंखी, चिंतामणी, आनंदी असे भेद दिसतात. जांभळ्याचे वांगी, कोनफळी आणि आमसुली असे तीन होतात. तिच्या लेखी 'लाल' म्हणणारा माणूस अर्धवट बोलतो. असा माणूस आणि अशी बाई टाइल्सच्या दुकानात शेजारी शेजारी बसली की दुकानदार आधी पंखा लावतो.

त्याने पंखा लावला, अर्धा अर्धा ग्लास पाणी दिलं (आमच्याकडे पूर्ण ग्लास फक्त व्याह्यांना) आणि शास्त्र सांगितलं. बाथरूमला तीन गोष्टी लागतात, लाइट, डार्क आणि हायलायटर. खाली डार्क, वर लाइट आणि मधून हायलायटरचा पट्टा. हायलायटर म्हणजे चित्राची टाइल. त्याने एकेक काढून समोर लावली. शंख-शिंपले. गुळगुळीत गोटे, एकावर एक रचलेले. बांबूचं बेट. पूर्ण वाहता धबधबा. आणि निळ्याशार लाटांतून झेप घेणारे दोन डॉल्फिन.

डॉल्फिनकडे मी बराच वेळ बघत राहिलो. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावातल्या भिंतीवर त्याने काय म्हणून उडी मारायची? वर गेलेला डॉल्फिन खाली येईपर्यंत पाण्याची पाळी उलटली तर? दुकानदार म्हणाला, "हे फार चालतं आपल्याकडे." चालणारच. जे घरात नाही ते भिंतीवर लावायची आपली जुनी रीत आहे. आमच्या वडिलांच्या खोलीत स्वित्झर्लंडचं कॅलेंडर होतं.

दुकानातल्या टाइल्सची नावं स्टॅच्युआरिओ, कॅरारा, ट्रॅव्हर्टिनो. कॅरारा हे इटलीतलं संगमरवराचं गाव, पण माल सगळा गुजरातेतल्या मोरबीचा. दगडाची शीर आता तिथे कॉम्प्युटरवर चालणारा प्रिंटर टाइलवर उमटवतो. सौ.ने ही सगळी इटालियन मंडळी दहा मिनिटांत बारसं करून मराठीत घेतली. 'बेज'ला गव्हाळ म्हणाली, 'ऑयस्टर'ला शिळं श्रीखंड आणि 'मोका'ला करपलेली फोडणी. दुकानातला पोऱ्या हुशार. दुसऱ्या दिवसापासून तो इतर गिऱ्हाइकांनाही "वहिनी, श्रीखंड दाखवू का?" असं विचारू लागला.

पण तिचं खरं कौशल्य नावांत नव्हतं. येवल्यात साडी घेताना जाणत्या बायका पदर हातात धरून दुकानाच्या पायरीवर, उन्हात येतात. सौ.ने गव्हाळ टाइल उचलली आणि थेट रस्त्यावर गेली. दुकानात गव्हाळ दिसणारी टाइल उन्हात किंचित गुलाबी निघाली. मग तिने ती मागच्या गोडाऊनमध्ये नेली. तिथे पिवळ्या बल्बखाली ती चक्क हळदीची झाली. दुकानदार ओशाळला. त्याचा दोष नव्हता. दुकानाच्या छताला साडेसहा हजार केल्विनचे पांढरेफेक दिवे, त्यांच्यात निळसर अंश जास्त. घरातला पिवळा बल्ब सत्तावीसशे केल्विनचा, त्याच्यात तांबडा जास्त. टाइलचा रंग म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडातून तिने जे परत दिलं ते. देणाऱ्यानेच पिवळं दिलं असेल, तर ती बिचारी निळं आणणार कुठून? मी प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं ठरलेल्या दिव्याखालीच रंग मोजले आणि हे मला घरी कधी सुचलं नाही, येवल्याच्या बायकांना मात्र पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आमच्या बाथरूमला फूटभराचा झरोका आणि त्यातून दिसतो तो शेजारच्या बिल्डिंगचा पाइप. म्हणजे आमच्यासाठी खरा रंग कोणता? गोडाऊनमधला.

चिरंजीव पुण्याला असतात. त्यांनी व्हिडिओ कॉलवर फर्मावलं, "बाबा, चारकोल ग्रे. मॅट. बाकी सगळं आउटडेटेड आहे." त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमधलं बाथरूम तसंच आहे. आत गेलं की मावशीच्या गावचं भुयार आठवतं. मी त्याला हिशेब सांगितला. पांढरी टाइल पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकते, काळपट राखाडी दहासुद्धा देत नाही. अठ्ठावीस चौरस फुटांच्या खोलीत, फूटभर झरोक्याखाली, एवढा उजेड गिळणारी भिंत मी पोसायची का? तो म्हणाला, "स्पॉटलाइट लावा." पुण्यात सगळ्या प्रश्नांना असं पुढचं बिल हेच उत्तर असतं.

समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त तलाठी वास्तुशास्त्र सांगून गेले. त्यांच्या मते आमच्या दिशेला हिरवा चालेल, निळा उत्तम, लाल वर्ज्य. स्वतःच्या बाथरूमला लाल कसा काय, असं विचारल्यावर ते म्हणाले की स्टॉक क्लिअरन्समध्ये दिशा बघत नाहीत.

पांढऱ्याच्या बाजूने मग मी इतिहास उभा केला. जंतूंनी रोग होतात हे एकोणिसाव्या शतकात कळलं आणि मळ लपू नये म्हणून दवाखाने, न्हाणीघरं, खाटिकखाने सगळे पांढरे झाले. १९०० साली पॅरिसची भुयारी रेल्वे सुरू झाली, तिच्या स्टेशनांना पांढऱ्या चकचकीत टाइल्स लावल्या, कारण जमिनीखाली मिळेल तो उजेड परत फेकायचा होता. १९०४ साली न्यूयॉर्कने तेच केलं. सौ.ने शांतपणे ऐकून विचारलं, "तिथे लोक आंघोळ करतात का?" मी नाही म्हणालो. "तेल लावतात? केसांना मेंदी लावतात?" मी गप्प. प्रतिपक्षालाही इतिहास होताच, पण तो मी तिला सांगितला नाही. अमेरिकेत अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नीच्या आवडीमुळे १९५०च्या दशकात घरोघरी गुलाबी बाथरूम झाली. पुढे सत्तरच्या दशकात इंग्लंडातल्या लोकांनी बेसिन, टब आणि कमोड अव्होकॅडोच्या हिरव्या रंगात घेतले, आणि त्यांच्याच मुलांनी ते फोडून काढले. तिला हे कळलं असतं तर आमच्याकडे आबोली कमोड आला असता.

या सगळ्यावर पडदा टाकला तो मिस्त्रीने. तो बेटातला. आयुष्यात किती बाथरूम केली याचा त्याने हिशेब ठेवलेला नाही, पण किती पुन्हा फोडली याचा ठेवला आहे. आमची चर्चा ऐकत तो दारात उकिडवा बसला होता. तंबाखू मळून झाल्यावर म्हणाला, "सायेब, कलरचं राहू द्या. डाग कोन्ता घ्यायचा ते ठरवा आधी."

मग त्याने डागांचा कॅटलॉग उघडला. बोअरचं पाणी वापरलं की काळ्या टाइलवर पांढरे ओघळ येतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, त्याचा गाळ पांढऱ्या फरशीच्या कडेला चॉकलेटी रेघ मारतो. लोखंडी बादलीचं गोल कडं तांबडं. साबणाचा थर राखाडी, खोबरेल तेलाचा पिवळट. "पांढरी घेतली तर पिवळी पडती. काळी घेतली तर पांढरी पडती. पाच वर्षांनी बघा, दोघी एकाच कलरवर येत्या. मग तोच कलर पयल्यापासून घ्या ना!"

मी उडालोच. कारखान्यात बॉयलरच्या पाण्याचा जडपणा रोज तपासणारा माणूस मी. जड पाण्यात विरघळलेला चुना असतो, पाणी तापलं किंवा वाळलं की तो मागे राहून खपली धरतो, ही खपली बॉयलरच्या नळ्यांत किती जळण खाते, यावर मी शिकाऊ पोरांना तासभर बोलत असे. पण बॉयलरला कुणी रंग विचारत नाही, म्हणून बाथरूमच्या बाजूने हा विचार मी केला नव्हता. साबण जास्त घासावा तर त्याचाही चुन्याशी संयोग होऊन चिकट साय तयार होते, फेस होत नाही. ॲसिड ओतावं तर क्षार फसफसून जातो खरा, पण टाइलच्या सांध्यातलं सिमेंटही सोबत घेऊन जातो, आणि मग ओल पुन्हा खालच्या भाऊंकडे.

त्या दिवसापासून आमच्या गॅलरीत प्रयोगशाळा सुरू झाली. सौ.ने दुकानातून नमुन्याच्या टाइल्स आणल्या आणि कठड्याला टेकवून ओळीने उभ्या केल्या. सकाळी बोअरच्या पाण्याचा शिपका, मग ऊन. दुपारी साबण. संध्याकाळी एक बोट खोबरेल. चारकोल ग्रे तिसऱ्या शिपक्याला भस्म लावून बसली. तिचा फोटो मी चिरंजीवांना पाठवला. त्याने 'टेक्श्चर मस्त आलंय' असं उत्तर दिलं. चकचकीत पांढरी पहिले दोन दिवस माझी लाज राखून होती; मग सौ.ने मेंदीचा हात पुसला आणि तिची इक्युम्सा एकदम गुळाच्या भेलीपर्यंत गेली. शिळं श्रीखंड आणि गव्हाळ या दोघी मात्र जशा होत्या तशा. त्यांच्यावर क्षार बसला होता, हाताला खरखर लागत होती, पण डोळ्यांना काही सापडेना.

आईने एवढे दिवस तोंड उघडलं नव्हतं. तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. एकदा टाइल्सच्या रांगेशी थांबून ती म्हणाली, "अरे, भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे लागते, एवढं कळेल असं काहीतरी करा. पांढऱ्यात पांढरं असलं की मला कमोड सापडत नाही." घरातलं हे पहिलं शहाणं वाक्य होतं. म्हाताऱ्या डोळ्यांना रंग फिके दिसू लागतात, फरक दिसावा लागतो. जमीन भिंतीपेक्षा गडद, तीही खरबरीत. भांडी पांढरी, मागची भिंत वेगळी. कॅटलॉगच्या शंभर पानांत हे कुठे लिहिलेलं नव्हतं. डॉल्फिन मात्र चार पानांवर होते. जाता जाता आई डॉल्फिनपाशी थांबली आणि म्हणाली, "हा मासा छान आहे हो. एखादा लावा."

भिंतीला काय, हे अजून ठरायचं होतं. शिळं श्रीखंड माझ्या पांढऱ्याला जवळचं म्हणून मी त्याच्यावर तडजोड केली. नंबराच्या शेवटी १ होता. चिठ्ठी मी स्वतः लिहिली, फरशीला विटकरी मॅट, भिंतीला अमुक नंबर. चिठ्ठी सौ.च्या पर्समधून दुकानात गेली. माल आला तो गव्हाळ, नंबराच्या शेवटी ९. राघोबादादांनी अखेरचा काळ या गावात काढला, १७८३ साली ते इथेच वारले. नारायणरावांच्या नावची चिठ्ठी आणि आनंदीबाईंनी केलेला 'ध'चा 'मा' ही गोष्ट इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. मी चिठ्ठी मागून घेतली. १ ला खाली एक बारीक वळण होतं. सौ. म्हणाली, "मी कशाला काय करू? तुमचा एकच तसा आहे." मी आणखी विचारलं नाही. आनंदीबाईंना तरी त्यांची बाजू कुणी कुठे विचारली होती?

काम सुरू झालं ते नळाच्या दुसऱ्या दिवशी, पिंपं भरलेली असताना. मिस्त्रीने भिंतीला सात फुटांपर्यंत गव्हाळ चढवली, फरशीला विटकरी टाकली. सांध्यांत पांढरं सिमेंट भरू का, असं त्याने माझ्याकडे बघून मुद्दाम विचारलं. मी मान खाली घातली. सांध्यांत त्याने बदामी भरलं. डॉल्फिन सौ.ने भिंतीला लागू दिला नाही. पण दुकानदाराने आईसाठी एक नमुना फुकट दिला होता, तो आता पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलाय. गावातला हा एकच डॉल्फिन असेल ज्याच्या खाली खरोखर पाणी आहे.

खालच्या भाऊंचं छत वाळलं. मिस्त्री पैसे घेऊन गेला. आणि मग आम्ही बाथरूमचं सामान परत आत ठेवायला घेतलं. दोनशे लिटरचं एक निळं पिंप नळाच्या पाण्याचं. दुसरं बोअरचं. त्याच्यावर जुनी निळी बादली, पलीकडे नवी निळी बादली, निळा टब, निळे मग. कारखान्याला केमिकलचे ड्रम निळेच येतात, तेच गावभर पिंपं होऊन फिरतात. दुसऱ्या रंगाचं पिंप मी आजवर पाहिलेलं नाही. सगळं लावून झालं तेव्हा उभं राहायला जागा होती, आणि दाराच्या मागे हातभर गव्हाळ दिसत होती. सौ.ने दार लोटून ती नीट पाहून घेतली.

दिवाळीला चिरंजीव आले. बॅग टाकली, टॉवेल घेतला, बाथरूमचा दिवा लावला आणि आतूनच ओरडले, "अरे वा, शेवटी निळा घेतलात! मस्त दिसतोय."

स्वयंपाकघरात क्षणभर झारा थांबला. मग सौ.चा आवाज आला, "एका बादलीत उरक. शुक्रवारपर्यंत नळ नाही."